सरूबाईंची उलटी सही

मुकुंदवाडी स्टेशनजवळ माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका छापतो. दीपमाला सहा वर्षांपासून माझ्याकडे कामाला आहे. एवढं कलेचं शिक्षण घेऊन पत्रिकेवर गणपती बसवते म्हणून मी तिला चिडवतो, आणि ती मला म्हणते, "चाचा, तुम्हाला काय कळतं?" दोघांचंही खरं आहे.

गेल्या हिवाळ्यात तिने क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये स्वतःचं प्रदर्शन ठरवलं. तिची आई सरूबाई चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिथल्या चाळीस बायकांच्या अंगठ्यांचे ठसे मोठे करून लिनोलियमच्या मऊ तक्त्यावर कोरायचे, मलमलीच्या लांब पट्ट्यांवर छापायचे आणि त्या पट्ट्या छताला टांगायच्या. लोकांनी त्यांच्यामधून चालत जायचं. याला इन्स्टॉलेशन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

एकोणचाळीस अंगठे मिळाले. आईने मात्र साफ नकार दिला.

सरूबाईंनी बारा वर्षं हजेरीच्या वहीत अंगठा उठवला होता. "आल्या अंगठेबहाद्दर," असं म्हणून मुकादम रोज हसायचा. पंचेचाळिसाव्या वर्षी त्या सही शिकल्या आणि त्यानंतर त्यांनी बोटाला शाई लावून घेतली नाही. "मपला अंगठा मेला, दीपे," त्या म्हणाल्या. "त्याला उकरू नको."

दीपमाला चार दिवस तोंड फुगवून बसली. मग लिनोलियमचा तुकडा आईपुढे ठेवून म्हणाली, "बरं, सहीच कर." सरूबाईंनी जीभ दातांत धरून बॉलपेनने सही केली. पोरीला इतका आनंद झाला की तिने त्याच रेघांवरून कोरून टाकलं.

ठशावर अक्षर उलटं कोरायचं असतं, तेव्हा ते सुलट उमटतं. छापखान्यात हे शेंबडं पोरही सांगेल. अंगठ्यात ही चूक कुणाला दिसत नाही, नावात दिसते. मलमल उचलली तर नाव उलटं! मी डोक्याला हात लावला. नेमक्या तेव्हाच सरूबाई लेकीचा डबा घेऊन आल्या.

"परत अडाणी केलंस व्हय मला? चारचौघांत?" एवढंच बोलून, डबा ठेवून त्या निघून गेल्या.

"उद्यापर्यंत वेळ आहे," मी म्हणालो. "गिरवून दुसरं कोर."

"आई आता सही करणार नाही, चाचा. मी गिरवली तर ती माझी सही होईल." ती रडत होती. मला राग आला होता. तरी आम्ही तीच पट्टी टांगली.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी गीताबाई आणि कंपनीतल्या इतर बायकांनी सरूबाईंना ओढतच आणलं. बायका आपापले अंगठे शोधत हसत होत्या. सरूबाई मान खाली घालून, आपल्या पट्टीकडे न बघता, सगळ्यांच्या पुढे निघून गेल्या. दुसऱ्या टोकाला जाऊन मागे वळल्या आणि थांबल्या. मलमल पातळ, शाई आरपार उतरलेली. त्या बाजूने नाव सुलट दिसत होतं.

एकेका अक्षराखाली बोट धरून त्यांनी नाव वाचलं. मग जुन्या सवयीने बोट पाहिलं. त्याला शाई लागली नव्हती. मला भरून आलं, लपवत नाही. दीपमाला तर खांबाआड गेली.

"गीताबाई, तिकडून काय बघताव?" सरूबाई ओरडल्या. "इकडून या. सही हाय मपली!"