काचेला हात लावू नका

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी चालत येतात. माणूस घर बांधायला काढतो तेव्हा निम्मा वेडा झालेला असतो. फरशी, रंग, किचन उरकून रेलिंगपर्यंत पोहोचतो तोवर उरलेला निम्माही झालेला असतो. आणि रेलिंग सगळ्यात शेवटी. म्हणजे तो येतो थेट माझ्याकडे!

नाशिकला अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीत माझा गाळा आहे. जिन्याला आणि गॅलरीला काचेचं रेलिंग बसवून देतो, अठरा वर्षं झाली. माझा हेड फिटर साळवे पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत आहे. बोलतो कमी, पण बोलला की बोचतं. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, पोरगं पडणार नाही ना? आता मोबाईलवरचा फोटो समोर धरून विचारतं, अस्सं दिसेल ना? पडण्याबिडण्याचं आता कुणी काढतच नाही.

तुम्हाला म्हणून सांगतो, प्रकार मुळात दोनच. एक, स्टीलचे खांब, मध्ये काच आणि वर हात धरायला पाईप. दुसरा फ्रेमलेस. खाली जमिनीत चॅनल, त्यात काच उभी, बाकी काही नाही. खांब नाही, पाईप नाही. काच तेवढी दिसते, खरं तर तीही दिसत नाही. सगळ्यांना हवा असतो हा दुसरा. माझ्या स्वतःच्या घरी काय आहे म्हणून विचाराल, तर लोखंडी पाईप, दर दिवाळीला रंग मारतो.

*

पिंपळगावचे एक कांदा व्यापारी आले होते. पांढरे कपडे, बोटात चार अंगठ्या. काच मजबूत असते यावर त्यांचा विश्वास बसेना. असं गिऱ्हाईक आलं की आम्ही नमुन्याची टफन, म्हणजे भट्टीत कडक केलेली काच उभी करतो आणि हातात हातोडा देतो. साळवेने सांगितलं, मध्ये कितीही मारा, फक्त कोपऱ्याला लावू नका. काच तिथेच नाजूक असते.

शेठनी मध्ये तीन दणके घातले. काही झालं नाही. खूश झाले. मग काय मनात आलं कोण जाणे, अंगठीने कोपऱ्यावर सहज टिचकी मारली. सगळी काच खडीसाखरेसारखी पायाशी!

मी म्हटलं, म्हणूनच सांगतोय, लॅमिनेटेड घ्या. दोन काचांमध्ये चिकट थर असतो, फुटली तरी जागेवर उभी राहते, माणूस खाली जात नाही. थोडी महाग पडते इतकंच. शेठ हसले. "घरात कोपऱ्यावर कोण मारायला बसलंय? साधीच टाका."

चार महिन्यांनी गॅसवाल्याचा सिलिंडर लागला. कोपऱ्यालाच. शेठनी गावभर केलं की अंबडवाल्याचा माल फुसका हाय. त्यानंतर पिंपळगावातून दोन वर्षं मला एक काम मिळालं नाही.

*

नाशिक रोडला एका कॉलनीत गॅलरीचं काम होतं. घरात नवरा-बायको आणि सासू. सासूबाई ऐंशीच्या घरात, दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. भाजीवाला कोण आला, कुणाची मुलगी कुणाच्या गाडीवर बसली, सगळं त्यांना पाठ. सुनेला दुधी काच हवी होती, रस्त्यावरून घर दिसू नये म्हणून. सासूबाईंना स्वच्छ काच हवी होती, रस्ता दिसावा म्हणून. नवरा फोनमध्ये.

शेवटी ठरलं की खाली दुधी, वर स्वच्छ. बरोबरच आहे, मी म्हटलं, मधला मार्ग निघाला. मग सूनबाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आईंना खुर्चीवर बसवून माप घ्या. डोळ्यांच्या वर चार बोटं दुधी येऊ द्या."

साळवेने टेप धरला. म्हातारी ताठ बसली, पदर नीट केला. मला म्हणाली, किती काळजी घेता हो, माणसाचं माप घेऊन काच बनवता. मी मान खाली घालून आकडा लिहून घेतला. तसंच काम करून दिलं, खोटं कशाला बोलू.

सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला गेलो. म्हातारी गॅलरीतच होती. खुर्चीत दोन उशा, त्यावर एक घडी घातलेली गोधडी, आणि त्यावर ती. पाय जमिनीला टेकत नव्हते. मला बघून म्हणाली, कंबर दुखते हो फार.

*

आता अप्पांचं सांगतो.

अप्पा म्हणजे रिटायर्ड टर्नर. अंबडमध्येच एका कंपनीत तीस-बत्तीस वर्षं लेथवर उभे राहिले. त्यांच्या मुलाने, प्रशांतने, पाथर्डी फाट्याच्या पुढे बंगला बांधला. अप्पांनी त्यासाठी सिडकोतलं आपलं घर विकलं आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली. वरच्या मजल्यावर गच्चीला लागून असलेली छोटी खोली. तिथे टेबल टाकायचं, त्यावर वस्तू घट्ट पकडायचा व्हाइस बसवायचा, आपली हत्यारं मांडायची आणि काहीतरी करत बसायचं. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, पण जिना चढता येत होता. फक्त हाताला आधार लागायचा.

सगळं कुटुंब रेलिंग बघायला गाळ्यावर आलं. प्रशांत, त्याची बायको आणि आर्किटेक्ट. मागे अप्पा. आर्किटेक्टने फ्रेमलेसवर बोट ठेवलं. जिना एकदम क्लीन दिसेल म्हणाला. अप्पांनी नमुन्याच्या काचेच्या वरच्या कडेवर तळवा ठेवून बघितला, सरकवून बघितला. मग विचारलं, "हात कुठे ठेवायचा?"

आर्किटेक्ट मोबाईल बघायला लागला. प्रशांत हसत म्हणाला, "अप्पा, तुम्हाला वर जायचंच कशाला? खाली सगळं आहे की."

खोलीचं काय, असं अप्पा म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. वर पाईप टाका, काही बिघडत नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हणालो माहितीये? "फ्रेमलेस छानच दिसतं." स्वतःच्या तोंडाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

*

मुहूर्ताचंही एक आहे, ते सांगून टाकतो. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही. भट्टीतून निघाली की निघाली. म्हणून फरशी बसल्याशिवाय आम्ही माप घेत नाही. पण एका मास्तरीणबाईंनी वास्तुशांतीची तारीख आधीच काढून ठेवली होती, पत्रिकाही वाटून झाल्या होत्या. फरशी यायची होती, तरी माप घ्या म्हणून मागे लागल्या. फरशी किती जाड येणार ते त्यांनीच कागदावर लिहून, सही करून दिलं.

मग मैत्रिणीकडे ग्रॅनाईट बघितला आणि फरशी बदलली. काच पाऊण इंच उंच निघाली, वरच्या पाईपखाली बसेना. बाई म्हणाल्या, खालून थोडी घासून घ्या ना. वर्गात पोरांना चुका दाखवणाऱ्या बाई, पण स्वतःच्या सहीचा कागद दाखवला तर ओळख देईनात.

वास्तुशांतीला जिन्याच्या उघड्या बाजूला पैठण्या बांधल्या होत्या. पाहुण्यांनी त्यांचेच फोटो काढले. एका बाईंनी तर मला तिथेच विचारलं की असं पैठणीचं डिझाईन काचेत मिळेल का. साळवे जेवणाचं ताट हातात घेऊन उभा होता, तो म्हणाला, मिळेल, पण आधी फरशी बसवा.

*

अप्पांच्या बंगल्याचं काम करून दिलं. दोन महिन्यांनी एका सकाळी साडेसातला अप्पा गाळ्याच्या दारात उभे. पहिल्या शिफ्टची सवय अजून गेली नव्हती. सिटी बसने आले होते. म्हणाले, शेठ, स्टीलचा एक पाईप द्या आणि कोपऱ्यात जरा जागा द्या.

एका बाजूला काच आहे, पण जिन्याची दुसरी बाजू भिंतीची. त्या भिंतीला पाईप लावायचा, काचेला धक्काच नाही, असं त्यांनी डोक्यात पक्कं केलं होतं. तीन सकाळी आले. जिन्याचं माप खिशात कागदावर. पाईप कापला, घासला, पॉलिश केला. दोन्ही टोकांच्या टोप्या शेजारच्या गाळ्यातल्या लेथवर स्वतः कातून काढल्या. त्या टोप्या पाईपवर अशा बसल्या की नखसुद्धा अडकत नव्हतं. साळवे कुणाचं काम बघायला थांबत नाही, पण त्या दिवशी त्याने दोनदा चहा सांगितला.

पाईप टेम्पोत टाकून आम्ही तिघं बंगल्यावर गेलो. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी काचेवर छापील स्टिकर होता. 'कृपया काचेला हात लावू नये.' बोटांचे डाग पडतात म्हणून अप्पांच्या सूनबाईंनी लावला होता. साळवेने तो वाचला, मग मला हळू आवाजात विचारलं, "शेठ, मग आपण बसवलंय काय?"

प्रशांत बाहेर आला. पाईप बघून त्याचा चेहरा पडला. तसा वाईट नाही तो, आवाज चढवला नाही. म्हणाला, अप्पा, भिंतीचं टेक्स्चर पन्नासदा बघून ठरवलंय, त्याला भोकं कशी पाडणार? आणि हे दिसायला हॉस्पिटलसारखं दिसेल. लोक येतात-जातात आपल्याकडे.

मी काहीतरी बोलायला गेलो, पण अप्पांनीच हात वर केला. साळवेला म्हणाले, राहू दे.

पाईप परत आला आणि गाळ्याच्या कोपऱ्यात उभा राहिला. मध्ये एकदोन गिऱ्हाइकांनी तो मागितला, साळवेने दिला नाही. पुढे काचेच्या एका तक्रारीसाठी मी बंगल्यावर गेलो होतो, तेव्हा बघितलं. गच्चीजवळच्या खोलीत ट्रेडमिल आलं होतं. अप्पांची कॉट खाली, पार्किंगच्या बाजूच्या खोलीत. हत्यारांची पेटी कॉटखाली, कुलूप लावून. व्हाइस कुठे दिसला नाही. अप्पा म्हणाले, बरं चाललंय शेठ, खाली सगळं आहे.



*

या उन्हाळ्यात प्रशांतचा फोन आला. टर्फवर क्रिकेट खेळताना पडला, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. बेडरूम वर, चार दिवस हॉलमधल्या सोफ्यावर झोपतोय. काच धरून चढायला गेला तर हात घसरला, थोडक्यात वाचला. म्हणाला, आजच्या आज भिंतीला पाईप मारून द्या. भोकं पडू द्या, लुक गेला खड्ड्यात.

मी म्हटलं, तुमच्या जिन्याच्या मापाचा तयार आहे.

दुपारी पोहोचलो. प्रशांत कुबड्या घेऊन जिन्याखाली उभा होता, घामाघूम. सूनबाईंनी ड्रिलची धूळ उडेल म्हणून सोफ्यावर चादरी टाकल्या होत्या. स्टिकर काढलेला होता, त्याचा चिकट चौकोन तेवढा काचेवर राहिला होता. साळवेने पाईप भिंतीला टेकवून ठेवला आणि ड्रिलची वायर सोडवायला लागला.

आवाज ऐकून अप्पा त्यांच्या खोलीतून आले. दाराची चौकट, मग टेबल, मग खुर्ची, असं धरत धरत. पाईपजवळ उभे राहिले. टोकाच्या टोपीवरून अंगठा फिरवला. पाईप वर्षभर गाळ्यात उभा होता, पण साळवे अधूनमधून पुसायचा, त्यामुळे चकाकत होता.

प्रशांत म्हणाला, "बरं झालं अप्पा, तुम्ही बनवून ठेवला होता."

अप्पांनी त्याच्या प्लास्टरकडे बघितलं. मग जिन्याकडे, वरपर्यंत. आवाजात राग नव्हता. चहा घेणार का विचारावं तसं विचारलं.

"प्रशांत, तुला वर जायचंच कशाला? खाली सगळं आहे की."

सूनबाई चादर हातात धरून उभ्या राहिल्या. प्रशांत कुबडी सावरायला लागला.

अप्पा साळवेकडे वळले. "हा पाईप माझा आहे. टेम्पोत ठेव."

साळवेने माझ्याकडे बघितलं. प्रशांतनेही माझ्याकडेच बघितलं.

"ठेव," मी म्हणालो.