नळीतून दिसणारा कडुलिंब

“काय दिसून राहिलं?”

बंदूक घेऊन विमानाने निघालेल्या प्रत्येक माणसाला आमचे हवालदार हा प्रश्न विचारत. आधी बंदूक उघडायला लावत. मग ती मालकाच्याच हातात देऊन, मागच्या बाजूने नळीला डोळा लावायला सांगत. नळीचे तोंड खिडकीकडे. खिडकीबाहेर भिंतीने बंद केलेले रिकामे आवार आणि त्यात एक कडुलिंब.

“झाड दिसतंय,” मालक म्हणे.

“कशाचं?”

“कडुलिंबाचं.”

“हां. मंग नळी खाली आहे,” असे म्हणून हवालदार वहीत खूण करत. नुसते ‘खाली आहे’, म्हणजे रिकामी आहे, म्हणून चालत नसे. कडुलिंब दिसलाच पाहिजे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर मी नुकताच लागलो होतो. वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या यार्डात कामाला. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. टाय कसा बांधायचा हे मला सामान चढवणाऱ्या एका लोडरने शिकवले. हवालदार हे त्या लोडरांचे मुकादम. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, कामठीला राहणारे. बंदुकीतले कळते म्हणून कंपनीच्या साहेबांनी बंदुका तपासण्याचे काम त्यांच्याकडे दिले होते. मला ते ‘बीए’ म्हणत. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, हे मला वर्षभर कळले नाही.

तेव्हा विमानाने बंदुका बऱ्याच जात. कामठीच्या छावणीतले अधिकारी असत, गावोगावचे जुने जमीनदार मालगुजार असत, नेमबाजीच्या स्पर्धेला निघालेली कॉलेजची मुले असत. नियम साधे होते. परवाना दाखवायचा. बंदूक रिकामी करून एका पेटीत, काडतुसे दुसऱ्या पेटीत. दोन्ही विमानाच्या पोटात, प्रवाशाच्या हाताला लागणार नाहीत अशा.

“दोन पेट्या कशाला?” असे कोणी विचारले, तर हवालदार शांतपणे सांगत, “नवरा-बायकोचं भांडण झालं की एकीले माहेरी धाडते न, तसं.”

एकदा एक मेजरसाहेब चिडले. मला बंदूक शिकवता का, म्हणाले. हवालदारांनी कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, “तुमाले येते म्हनून तर इचारून राहिलो साहेब. ज्याले बंदूक येत नाही, तो भिऊन दहा वेळा पाहते. ज्याले येते, तो पाहतच नाही.” मेजरसाहेबांनी डोळा लावला. “नीम का पेड़,” असे पुटपुटत पेटी बंद केली.

नेमबाजीला निघालेली एक मुलगी मात्र स्वतःहून नळीला डोळा लावून म्हणाली, “काका, कडुलिंब आहे, आणि त्यावर दोन साळुंक्या.” हवालदार इतके खूश झाले की तिच्या दोन्ही पेट्या त्यांनी गाडीवर न टाकता दोन हातांत धरून विमानापर्यंत नेल्या.

त्यांच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. कोणी विचारले की दर वेळी नवी हकीकत. कधी मगरीने खाल्ली, कधी बायकोच्या अडकित्त्यात सापडली. आम्ही हसत असू. तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, जी खरे सांगायच्या आधी चार खोट्या गोष्टी सांगून बघतात.

माझी सहा महिन्यांची उमेदवारी संपायला आठवडा उरला होता. त्या सकाळी मुंबईच्या विमानासाठी माझ्या काउंटरसमोर वकीलसाहेब येऊन उभे राहिले. या माणसामुळे मी बी.ए. झालो. वसतिगृहात जागा नव्हती तेव्हा त्यांनी मला आपल्या घराच्या पडवीत दोन वर्षे ठेवून घेतले होते. ताटावर बसताना त्यांनी कधी माझी जात विचारली नाही, की मार्कांवरून कधी बोलले नाहीत. त्यांच्या हातात लांबट पेटी होती, जाड खादीच्या कापडात शिवलेली. आत त्यांच्या वडिलांची दुनळी बंदूक. घोडा अडकत होता म्हणून दुरुस्तीला निघाली होती.

हवालदार तेव्हा दुसऱ्या विमानाचे सामान उतरवत होते.

“खाली आहे रे बाळ,” वकीलसाहेब म्हणाले. “काडतुसं आणलीच नाहीत. तुझ्या काकूनं काल बसून टाके घातले.”

परवाना बरोबर होता. आता या माणसाला मी टाके उसवायला सांगू? एक डोळा मिटून झाडाचे नाव सांगा म्हणू? माझी जीभ उचलली नाही. मी पेटीला ‘तपासली’चे लेबल बांधले, वहीतही तसेच लिहिले आणि खाली सही केली. वकीलसाहेब माझ्या खांद्यावर थोपटून आत जाऊन बसले. मला वाटले, आपण फार मोठे ऋण थोडेसे फेडले.

हवालदार आले. त्यांनी वही पाहिली, पेटी पाहिली.

“काय दिसलं?”

“कडुलिंब,” मी म्हणालो.

त्यांनी पेटीवरून बोट फिरवले. काकूंचे टाके एकसारखे, घट्ट, शेवटी गाठ.

“टाके तर जसेच्या तसे हायेत, बीए. कडुलिंब काय टाक्यातून दिसला?”

मी लेबलाची गाठ उगीच घट्ट करू लागलो. कान तापले होते.

“कोन आहे हा मानूस?”

मी सांगितले. पडवी सांगितली, दोन वर्षे सांगितली. ते ऐकत राहिले.

“बरं,” ते म्हणाले. “मंग जा, बोलावून आन त्यायले. तूच जा.”

ती वीस पावले मी कशी गेलो ते माझे मला माहीत. वकीलसाहेब आले. हवालदारांनी त्यांना सलाम केला आणि खिशातल्या चाकूने टाके उसवले, इतक्या हळू की कापडाला चीर पडली नाही. बंदूक उघडली. उजवी नळी मोकळी होती. डाव्या नळीत मागच्या बाजूला एक जुने काडतूस बसले होते. कागद फुगून घट्ट झालेले, पितळ हिरवे पडलेले.

वकीलसाहेबांचा चेहरा पांढरा झाला. “दोन वर्षांपूर्वी शेतावर नेली होती,” ते म्हणाले. “मला वाटलं… मी तर खाली आहे म्हणून सांगितलं.” मग त्यांचे लक्ष लेबलाकडे गेले. “ही तपासली कोणी?”

माझी नोकरी त्या क्षणी त्या लेबलाच्या दोऱ्याला लटकत होती. कंपनीच्या साहेबांच्या खोलीचे दार उघडेच होते.

“तपासनी चालूच आहे न साहेब,” हवालदार म्हणाले. “संपली कुठं?” त्यांनी हलक्या हाताने, नखांनी खेचून ते काडतूस बाहेर काढले, रुमालात गुंडाळले आणि बंदूक माझ्या हातात दिली. “इचार, बीए.”

मी वकीलसाहेबांपुढे बंदूक धरली. हवालदार खिडकीकडे पाहत उभे होते, जणू त्यांना विमानाची काही घाई नाही.

“साहेब,” मी म्हणालो, “काय दिसतं?”

वकीलसाहेब वाकले. पाठ दुखत असावी, कारण एक हात कमरेवर गेला. त्यांनी एक डोळा मिटला. एक नळी पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली पाहिली.

“कडुलिंब,” ते म्हणाले. सरळ होऊन त्यांनी चष्मा पुसला. “हे मला आधीच विचारायचं होतंस रे. मी काय नाही म्हटलं असतं?”

काडतूस पोलिसांच्या ताब्यात दिले. हवालदारांनी स्वतःच्या सुईने पेटीचे कापड पुन्हा शिवले. फौजी टाके काकूंच्या टाक्यांपेक्षाही बारीक. विमान दहा मिनिटे उशिरा सुटले.

मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. “लिही.”

“काय लिहू?”

“जे झालं ते. पहिल्यांदा न पाहता सही केली. त्यायच्यापुढं तुझी लाज राखली म्या. वहीत नाही राखत.”

मी लिहिले. खाली त्यांनी आपली मोठाल्या अक्षरांची सही केली. मग डावा हात वहीवर पसरला, करंगळीच्या जागचा खुंट माझ्याकडे करून.

“माहा दोस्त होता एक. बंदुका साफ करून राहिलो होतो आम्ही. तो म्हने खाली आहे, मी म्हनलो खाली आहे. माही करंगळी गेली. तो गेला.” हात मागे घेत म्हणाले, “तोबी माहा लई जवळचा होता. म्हनूनच पाहिलं नाही.”

त्यानंतर मगरीची गोष्ट त्यांनी माझ्यासमोर कधी सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावले. वही उघडी होती. माझी उमेदवारी तीन महिन्यांनी वाढली, नोकरी राहिली. साहेब म्हणाले, “हवालदार म्हणतो, आता हा पोरगा जन्मात चुकणार नाही, बाकीच्यांची खात्री नाही.” वकीलसाहेब पुढे दोनदा त्याच बंदुकीसह माझ्या काउंटरवर आले. दोन्ही वेळा पेटी न शिवता आणली आणि मी विचारायच्या आधीच खिडकीकडे वळले.

हवालदार निवृत्त झाले तेव्हा बंदुकांचे काम माझ्याकडे आले. पुढे दोन वर्षांनी आवारात नवे बांधकाम निघाले आणि कडुलिंब पाडला. मला फार चुकल्यासारखे झाले. रविवारी बसने कामठीला गेलो. ते अंगणात खाटेवर बसून हातमागावरच्या चादरीची दशी वळत होते.

“हवालदारसाहेब, कडुलिंब गेला,” मी म्हणालो. “आता लोकांना काय विचारू?”

त्यांनी दशी खाली ठेवली नाही. “काहून? आभाळ तर आहे न गा तिथं?”

“आहे.”

“मंग झालं. चहा पी.”

आता हवालदार नाहीत. ते गेल्याचे त्यांच्या मुलाचे पत्र काउंटरवरच आले, त्या दिवशी एक बंदूक जायची होती. मी ती उघडली, मालकाच्या हातात दिली आणि विचारले. तो गृहस्थ बराच वेळ पाहत राहिला.

“काहीच नाही हो,” तो म्हणाला. “नुसतं आभाळ.”

मग मीही डोळा लावला. रुपयाएवढे गोल, निळे, स्वच्छ आभाळ होते. मी वहीत खूण केली.