हबीबभाईंचं डुप्लिकेट सोनं

काल दसऱ्याच्या सकाळी देवीच्या देवळात जायच्या आधी मी पंक्चरच्या दुकानात गेलो.

हबीबभाईंच्या.

हबीबभाई नाहीत. मागच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. तिथीनं आज वर्ष झालं.

मुसलमान माणसाचं वर्ष मी तिथीनं मोजतोय. कळलं असतं तर म्हणाले असते, "भाऊ, कब्रस्तानात बी पंचांग घेऊन येता का?"

परतवाड्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान आणि त्यांचं पंक्चरचं, भिंतीला भिंत लागून. समोर चौकात एक झाड. कांचनाचं.
आमचा दोघांचा पंखा, कूलर, एसी, सगळं तेच.

त्या झाडाला वर्षातून एकदा ताप यायचा. दसऱ्याला.

आपण सोनं म्हणून आपट्याचं पान वाटतो. कांचनाचं पान दिसायला तसंच, मधे दुभंगलेलं, फक्त मोठं. गावच्या शाळेत गुरुजींनी बांधावर नेऊन दोन्ही झाडं दाखवली होती, म्हणून मला फरक माहीत. बाकी सगळं गाव याला आपटाच समजायचं.

आणि पान कुणी तोडत नाही हो. फांदी तोडतात.

मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाच्या हातात अख्खी फांदी, ती रस्ता झाडत चाललेली.

दुपारपर्यंत झाड उघडं. मग ऑक्टोबरचं ऊन थेट हबीबभाईंच्या टकलावर. नवी पालवी येईपर्यंत ते डोक्यावर एक जुना फ्लेक्स बांधून बसायचे. कुठल्याशा कार्यक्रमाचा. त्यावर मोठ्या अक्षरात: झाडे लावा, झाडे जगवा.

"पाहा भाऊ," म्हणायचे, "झाड गेलं, पण भाषणाची सावली हाय."

झाड कांचनाचं आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा हातातला पाना खाली ठेवला त्यांनी.

"म्हणजे डुप्लिकेट माल?"

"हो."

"अन् लोकं डुप्लिकेट सोन्यासाठी माहं छप्पर नेऊन राहिले?"

तेव्हापासून दर दसऱ्याला ते झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे.

"ओ दादा, एक पान घ्या, एक. सोनं हाय ना? सोनं कोनी किलोनं नेते का?"

लोक हसायचे आणि फांदी मोडायचे. एखादा म्हणायचा, "चाचा, तुमाले काय समजते आपट्यातलं?"

"मले नाही समजत. त्या भाऊले इचारा. नऊ दिवस अनवाणी फिरून राहिला तो."

मी नवरात्रात चप्पल घालत नाही. काउंटरमागून मान हलवायचो.
तेवढंच.

एका वर्षी सोयाबीन पावसात सडलं. उभ्या पिकात शेंगांना कोंब फुटले. माणसं माझ्या दुकानात यायची, बाकावर बसायची, काहीच न घेता उठून जायची. त्या दसऱ्याला त्यातलाच एक जण फांदीला लोंबकळला. हबीबभाई ओरडले.

तो म्हणाला, "चाचा, वावरातलं सोनं तं गेलं. हे तरी नेऊ द्या घरी."

हबीबभाई खुर्चीतून उठले. स्वतःच्या हातानं दोन पानं खुडली.

"हे तुले. हे वहिनीले. फांदी सोड बाबू, तिनं काय केलं तुयं?"

त्यानं सोडली.

दुसऱ्या दिवशीचा पेपर आम्ही दोघं मिळून वाचायचो. 'पर्यावरणपूरक दसरा उत्साहात.' फोटोत प्रमुख पाहुणे हसतायत, हातात मनगटाएवढी फांदी. त्याच पानावर खाली: पारा पुन्हा चढला.

"ह्या दोन बातम्या सासू-सुनेसारख्या हायेत," हबीबभाई म्हणायचे. "एका घरात राहतेत, पण बोलत नाहीत."

हसून झालं की हळूच म्हणायचे, "भाऊ, आरती झाल्यावर तुमीच सांगा ना देवळात. मी बोललो तं भांडण होते. तुमी बोलले तं प्रवचन."

मी म्हणायचो, पुढच्या वर्षी.

मागच्या दसऱ्यालाही तेच म्हणालो. तेव्हा ते खुर्चीत नव्हते, आत खाटेवर पडून होते. संध्याकाळी देवळातून येताना मी त्यांना सोनं दिलं. त्यांनी पान बल्बकडे धरून पाहिलं.

"डुप्लिकेट," म्हणाले. आणि खिशात ठेवलं.

सकाळी गेले.

तर काल. दुकान आता त्यांचा मुलगा इरफान चालवतो. त्याला म्हटलं, ती खुर्ची दे.

"कावून काका? पंक्चर हाय का?"

"नाही रे. बसायचं आहे."

खुर्ची झाडाखाली ठेवली आणि देवळात गेलो. आरती झाली. मी माइक मागितला. पुजारीबुवा दचकले. इतक्या वर्षांत मी देवळात घंटेशिवाय आवाज केला नव्हता.

माझा आवाज फाटला. म्हणालो, चौकातलं झाड आपट्याचं नाही, कांचनाचं आहे. आणि आपट्याचं असतं तरी एका घराला एक पान पुरतं. देवी पानं मोजत नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "हे तं हबीबचाचाचं हाय!"

"हो," म्हटलं. "त्यांचंच आहे."

मग अनवाणीच येऊन खुर्चीत बसलो, दिवस कलेपर्यंत.

बऱ्याच जणांनी एकेक पान नेलं. काहींनी झाडाला नुसता नमस्कार केला. काहींनी माझ्या डोळ्यांदेखत फांदी मोडली. एकानं तर "सॉरी काका" म्हणून मोडली.

मी थकलो. हबीबभाई हे दर वर्षी कसं करत होते कोण जाणे.

आज सकाळी इरफान ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. सावलीत. थोडी विरळ आहे, पण सावलीच.
फ्लेक्स कोपऱ्यात गुंडाळलेला आहे.

हबीबभाई, सलाम.

यंदा तुमच्यासाठी सोनं आणलं नाही.

झाडावरच ठेवलंय.