शंभर दाण्यांचा निकाल

मी चौथीपर्यंत शिकलो. पण घरचं सोयाबीन बियाणं म्हणून पेरण्यासारखं आहे की नाही, हे मी सांगायचं आणि घरानं ऐकायचं, अशी आमची रीत. यंदा पोरगाच आडवा आला.

"बाबा, चिखलीहून बियाण्याच्या बॅगाच आणू. घरचं उगवलं नाही तं दुबार पेरणी करा लागंल."

"माह्या हातचं हाय. काऊन उगवणार नाही?"

मी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. आठ उगवले. म्हणजे शंभरात ऐंशी. सत्तर उगवलं तरी बियाणं पास. मी जिंकलो होतो.

सूनबाई चिखलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "बाबा, तुमचे दहा दाणे माझ्या वर्गात सांगाल का?" मला वाटलं, सत्कार आहे. धुतलेलं धोतर नेसून गेलो.

तिनं कॉम्प्युटरात दोनच आकडे टाकले, दहा आणि आठ. पडद्यावर आलं, चव्वेचाळीस ते सत्त्याण्णव. पोरांना म्हणाली, "पोत्यातली खरी उगवण या दोन्हींच्या मधात कुठंही असू शकते. अशा रीतीनं शंभरदा अंदाज बांधला, तर पंचाण्णवदा खरा आकडा आत सापडतो."

मी उठलोच. "चव्वेचाळीस? त्या मशिनीनं वावर पाह्यलं हाय काय?"

मागून एक पोरगी म्हणाली, "आबाजी, दाणे कसे घेतले होते?"

"कसे म्हणजे? चांगले टपोरे निवडून."

"मंग पेरतानी बी निवडूनच पेरसान काय?"

सारा वर्ग खदखदला. मी मात्र जागचा हललो नाही. म्हटलं, "उद्या घरी या. तुमीच काढा शंभर दाणे."

आली पोरं. डोळे मिटून प्रत्येक पोत्यात हात घातला, वरून, मधातून, तळातून. ओल्या गोणपाटावर दाण्यांच्या ओळी लावल्या, गुंडाळी केली. पाणी मी मारत होतो. माझ्या पोराला हात लावू दिला नाही.

कोंब फुटल्यावर ती गुंडाळी मांडीवर घेऊन एसटीनं कॉलेजात गेलो. टेबलावर उलगडली. पोरांनी दोनदा मोजले. ऐंशी.

"हेच तं मी पहिल्यानं सांगत होतो!"

"थांबा बाबा," सूनबाई म्हणाली, आणि आकडे टाकले. पडद्यावर आलं, एकाहत्तर ते सत्त्याऐंशी. ऐंशी तेच, पण दाणे वाढले तसा संशय आकसला होता. खालचं टोकही सत्तराच्या वर!

"वाच वं माय, जोरानं वाच," मी त्या मागच्या पोरीला म्हटलं. तिनं वाचलं आणि वर्गानं टाळ्या पिटल्या. तिथूनच पोराला फोन लावला.

"बॅगा आणू नको."

"अन् एकाहत्तरच उगवलं तं, बाबा?"

"तं बी पास हाय बे!"

यंदा घरचंच पेरलं. एकाहत्तरच धरून, बियाणं एकरी थोडं जास्त सोडलं. तेही मीच ठरवलं.