शांताक्कांच्या वांग्याचं बी

सहाव्या दिवशीही ट्रेंच्या थप्पीत एक कोंब नव्हता. वांगं एरवी एवढ्यात मान वर काढतं. फेब्रुवारी संपत आला होता, तरी हुमनाबादेत पहाटे हुडहुडी भरायची आणि दुपारी पंखा लागायचा. असल्या हवेत बियानं तरी काय करावं?

मी इथल्या भाजीपाल्याच्या नर्सरीत सुपरवायझर आहे. आमची पद्धत सोपी. ट्रेला अठ्ठ्याण्णव खण असतात. त्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरायचा. एकेका खणात एकेक बी टाकायचं आणि ट्रे एकावर एक रचून पॉलिथिनने झाकायचे. आत ऊब धरली की बी उगवतं. त्याच दिवशी थप्पी मोडायची.

हे सहा ट्रे निर्णा गावच्या शांताक्कांचे होते. कंपनीचं बी असतं तर दुसरं पाकीट फोडलं असतं. पण हे त्यांच्या सासूपासून चालत आलेलं पांढऱ्या काटेरी वांग्याचं बी. मागच्या पावसाळ्यात झाडं कुजली, उरलं ते एवढंच. पुरचुंडी माझ्या हातावर ठेवताना त्या म्हणाल्या होत्या, "बाई, हे बाजारात मिळत न्हाई. संपलं की संपलं."

म्हणून मी घाबरले. थप्पीच्या वर दोन मोठे बल्ब लावले, बाजूंनी पोती गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच ट्रेनिंगला बिदरला गेले. बल्बचं कुणालाच सांगितलं नाही. अतिशहाणपणा नडतो तो असा. त्या दिवशी आभाळ भरून आलं, थंडी कुठल्या कुठे पळाली, पत्र्याच्या खोलीत उकडायला लागलं. चार वाजता परत येऊन पोतं उचललं तर तोंडावर वाफ आली. वरच्या चार ट्रेंत कोंब फुटले होते आणि तसेच शिजून काळे पडले होते. खालचे दोन ट्रे गपगार, एकही कोंब नाही.

मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी ट्रे बघितले.

"शांताक्का उद्या यायलीय. बी जुनं होतं म्हणून सांगा. सगळे नर्सरीवाले तेच सांगतात."

"बी जुनं नव्हतं, अण्णा."

"मग बल्बनं भाजलं म्हणून सांगणार?"

"व्हय."

अण्णा बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी सगळं सांगितलं, ते शांताक्कांनी उभ्यानेच ऐकलं. "बल्ब कामून लावलीस? मला इचारायचं न्हाई?" त्या खाली बसल्या. काळा कोंब बोटांत धरून बघितला, बाजूला ठेवला. मग खालचा ट्रे ओढला, काडीने एक बी उकरलं आणि नखाखाली हळूच दाबलं.

"हे टणक हाय. मेलं न्हाई."

दोघींनी आगपेटीच्या काड्यांनी दोन ट्रे उकरले. सगळी दुपार गेली. मोबाईलवरचा हवामानाचा अंदाज पुन्हा थंडी दाखवत होता. अक्कांनी बी ओल्या फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी कमरेला, लुगड्याच्या आत खोचली.

"हितं थंडीबी न्हाई, ऊनबी न्हाई. सासू असंच करायची."

"आणि रात्री?"

"रात्रीबी हितंच. ती काय काढून ठेवायची वस्तू हाय?"

पुढचे चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी अक्का सकाळच्या बसने उतरल्या आणि टेबलावर फडकं उलगडलं. बियांना पांढरी टोकं फुटली होती. मी मोजायला घेतली, पण डोळ्यांत पाणी आल्याने दोनदा चुकले. दीडशेच्या आसपास होती. लगेच ट्रेत लावली. या वेळी थप्पी रचलीच नाही.

अण्णांनी चहा मागवला. बशीत चहा ओतत अक्का मला म्हणाल्या, "बी जुनं हाय म्हणाली असतीस, तर ते दोन ट्रे मी उकिरड्यावर उपडे केले असते. जुनं बी कोण उकरत बसतंय?"

अण्णांनी बशीतून मान वर काढली नाही.

आता त्या खोलीत बल्बच्या बटणावर एक कागद चिकटवलाय: 'ज्याने लावला त्याने बिदरला जाऊ नये.' अक्षर अण्णांचं आहे.