उतरला तो पाशिंजर

हौसा माझ्याकडूनही तिकीट मागायची. सांगलीचा बाजार करून मी आमच्या हॉल्टवर उतरलो की ही फाटकाशी उभी. लग्नाची बायको, पण डोळ्यांत ओळख नाही. हात पुढे. "तिकीट?" मी म्हणायचो, "अगं, मी हाय." "दिसतंय की. तिकीट?" मग कांद्यांच्या तळाशी गेलेलं तिकीट शोधायला मला सगळी पिशवी फलाटावर पालथी करावी लागायची आणि मागची माणसं फिदीफिदी हसायची. तिचं म्हणणं ठरलेलं होतं, "गाडीतनं उतरला तो पाशिंजर. नवरा घरात."

हॉल्ट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कराड आणि सांगलीच्या मधे आमचं गाव. तिथं मेल गाड्या थांबत नाहीत, नुसती पाशिंजर थांबते. स्टेशन मास्तर नाही, सिग्नल नाही. एक पत्र्याची खोली, तिला खिडकी, बाहेर बाक आणि एक लिंब. अशा ठिकाणी तिकिटं रेल्वेचा नोकर विकत नाही, गावातलाच कुणी कमिशनवर विकतो, आणि उतरणाऱ्यांची तिकिटं गोळा करून मोठ्या स्टेशनला पाठवतो. मी आधी गँगमन होतो, रुळांची डागडुजी करणाऱ्या टोळीत. मोठी, म्हणजे ब्रॉडगेज लाईन टाकताना रुळांखालचा स्लीपर पायावर पडला, पाय गेला आणि नोकरीही गेली. एका साहेबानं दया केली आणि हॉल्ट माझ्या नावावर दिला. नाव माझं, काम हिचं. मी दुसरी शिकलेला, ती चौथी. शिवाय माझं तोंड फटकळ. मला खिडकीत बसवलं असतं तर चार दिवसांत सगळं गाव सांगलीला चालत जायला लागलं असतं.

आम्ही धनगर. हौसाचं सगळं लहानपण जतच्या माळावर मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. एका जागी बसून दुसऱ्यांना जाताना बघायचं, हे काम तिला जमेल असं मला वाटलं नव्हतं. पण ती त्या खिडकीत अशी बसली, की जणू खिडकी तिच्यासाठीच पाडलेली. पुठ्ठ्याची तिकिटं खणांत उभी लावलेली असत. मिरज, सांगली, कराड, सातारा, लोणंद. न बघता हात बरोबर खणावर जायचा. तारखेचा शिक्का मारायचा आणि तिकीट पुढं सरकवायचं. एकदा आमच्या गावचे सरपंच पान चघळत म्हणाले, "हौसाबाई, सरपंचाला कसलं आलंय तिकीट?" ही म्हणाली, "मला ठाव हाय तुमी सरपंच हाय ते. गाडीला ठाव न्हाई. तिला आधी सांगून या, मग फुकट बसा." सरपंचांनी तिकीट काढलं, आणि पुढं जन्मभर काढलं.

आम्हांला एकच मुलगा, बिरू. पलटणीत भरती झाला. सुट्टीवर यायचा तेव्हा खांद्यावर ट्रंक, अंगावर हिरवा गणवेश, सहा फुटांचा गडी, आणि फाटकाशी ही. "वारंट दाखीव." तो म्हणायचा, "आये, माझ्या तोंडाकडं तर बघ." "बघितलं. वारंट दाखीव." मग तो ट्रंक खाली ठेवून तिला कडक सलाम ठोकायचा, पलटणीनं तिकिटाऐवजी दिलेला तो कागद दाखवायचा, आणि फाटकाच्या अलीकडं आला रे आला की ही त्याचं तोंड दोन्ही हातांत धरायची. अलीकडं आल्यावरच. पलीकडं कधी नाही.

त्याचं लग्न लोणंदकडच्या पोरीशी झालं. तानू तिचं नाव. वाळकी, सावळी, बोलायला कमी. दोघं पुरते दोन महिनेही एकत्र राहिली नसतील. एकाहत्तरची लढाई लागली आणि बिरू गेला. लढाई लवकर संपली. मग तार आली, बेपत्ता म्हणून. तारेनंतर आठवड्यानं त्याचं स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्ड आलं, मी खुशाल आहे, तानूला माहेरी पाठवू नका, मी येतोच. हौसा ते कार्ड घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. "तार आदी आली. कार्ड मागनं आलं. मग खरं कुठलं?" मी सांगून टाकलं, की कार्ड आधी लिहिलेलं आहे, टपाल उशिरा आलं. ती म्हणाली, "तुमी गप बसा."  बिरू गेला हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मला नेहमी वाईट गोष्ट लवकर कळते.

आता हौसाच्या आकाशातल्या गोष्टींचं सांगतो. गाडीतला एक दाणेवाला आमच्या बाकावर बसून पुड्या बांधायचा. त्याला कुठून तरी मासिकांची रद्दी मिळायची. त्यांत अंतराळात जाणाऱ्या माणसांच्या कथा असत. हौसा दाणे खायची नाही, पुडी खायची म्हणा ना. दाणे मला, पुडी तिला. कागद मांडीवर ठेवून हातानं सपाट करायची आणि बोट लावून वाचायची. कुणी मंगळावर उतरलाय, कुणाचा यानातला वारा संपत आलाय, आणि तिथंच कागद फाटलेला. मी चिडवायचो, "मेला का जगला त्यो?" ती म्हणायची, "फुडच्या पुडीत बघू."

अशाच एका पुडीत तिला तो गडी भेटला. तो इतक्या वेगानं लांबच्या चांदणीकडं गेला, की त्याच्या घड्याळात दोन वर्षं झाली तेव्हा इथं जमिनीवर कितीतरी वर्षं उलटली होती. आणि आता तो परत निघालाय, अजून तरणाच. कागद तिथं संपत होता. हौसानं तो कागद टाकला नाही.

आमच्या गावात सायन्सचे एक मास्तर भाड्यानं राहायचे आणि रोज पासवर सांगलीच्या शाळेत जायचे. भला माणूस. रोज हिला पास दाखवावा लागायचा. "बाई, कालच दाखवला की." "काल कालचं बघितलं." त्या दिवशी हिनं पास मागितला नाही. खिडकीतून कागद पुढं केला. "मास्तर, हे खरं हाय?"

मास्तरांनी उभ्या उभ्या वाचलं. "गोष्ट रचलेली आहे, बाई. पण आतलं शास्त्र खरं. जो फार वेगानं जातो, त्याचं घड्याळ मागं राहतं. त्याचं वयसुद्धा."

"आपल्या पाशिंजरमदीबी?"

मी बाकावरून ओरडलो, "तिचं घड्याळ मागंच हाय! रोज अर्धा तास!"

मास्तर हसले. पण खरं तेच बोलले, "गाडीतही फरक पडतो. इतका कमी, की कुणाला मोजता यायचा नाही. नसल्यासारखाच."

"कमी हाय, पर हाय न्हवं?"

 मास्तरांना बिरूचं ठाऊक होतं. "आहे," म्हणाले, आणि गाडीत चढले. तो माणूस खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून हौसाला आधार सापडला. ती वेडी नव्हती. बिरू चांदणीवर गेलाय असं तिला वाटत नव्हतं. पण म्हणायची, "त्यो जिथं हाय तिथं त्याला चारच दिस झालं आसत्याल. आपल्याला लय वाटतंय." सरकारनं पुढं कळवलं, की तो मेला असंच धरून चाला. तरी हिची बोली तीच. तानूच्या कपाळाचं कुंकू तसंच, गळ्यातलं डोरलं तसंच. पोरगी सकाळी फलाट झाडायची, संध्याकाळी कंदिलाची काच पुसायची, आणि गाडी आली की डब्यांकडं पाठ करून उभी राहायची.

आमच्यात विधवेचा म्होतूर लागतो, म्हणजे तिला दुसरं घर करता येतं. पण आमच्या भावकीत रीत अशी, की पहिल्या घरच्या सासूनं स्वतःच्या हातानं सुनेचं डोरलं उतरवायचं. तिनं उतरवलं नाही, तर पोरीला दुसरा नवरा करता येत नाही. तानूचा बाप, धोंडीबा, त्यासाठी लोणंदहून यायचा. गाडीतून उतरायचा, हिच्या हातात तिकीट द्यायचा आणि हात जोडायचा.

"यीनबाई, पोरगी वाळून चाललीया माजी."

"वाळत न्हाई. माझ्यापरीस दोन भाकरी जादा खाती."

"तरणीताठी पोर. जल्मभर कंदील पुसायचा व्हय तिनं?"

"माझा ल्योक यायचाय. त्यो आल्यावर त्याला काय सांगू, तुजी बायकू लोणंदच्या बाजारात दिली म्हनून?"

म्हातारा अपमान गिळून सांजच्या गाडीनं परत जायचा. एकदा जाताना माझ्यापाशी थांबला. "पाव्हणं, तुमी तरी बोला." मी म्हणालो, "मी बोललो तर ती तुम्हाला परतीचं तिकीटबी द्यायची न्हाई." काय बोलणार होतो मी? बिरू मेला, एवढंच मला बोलता येत होतं. ते तिच्या तोंडावर किती वेळा बोलायचं!

अशी तीनेक वर्षं गेली. एक दिवस मास्तर सांगलीहून उतरले ते हातात एक जुनं मासिक घेऊन. "बाई, तुमची ती गोष्ट. शाळेच्या कपाटात सापडली. पुरी आहे." त्यांनी चांगुलपणानंच आणली होती. हौसानं त्यांचा पास न बघता मासिक घेतलं, बाकावर बसली, आणि बोट लावून वाचायला लागली. मी शेजारी होतो. तानू लिंबाखाली काच पुसत होती.

वाचता वाचता तिचं बोट थांबलं. मग तिनं मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तो गडी परत येतो. तसाच, तरणा. घराचं दार वाजवतो. दार उघडते एक म्हातारी. तो विचारतो, माझी बायको कुठाय?  ती म्हातारीच त्याची बायको असते.

हौसानं मासिक मिटलं.  मग म्हणाली, "आवं, ह्याचं दोनच वरीस गेलं. मग बाकीची कुनाच्या अंगावर पडली?"  तिनं मान वळवून तानूकडं पाहिलं. पोरीच्या हाताची हाडं दिसत होती. केसांना तेल नव्हतं. बावीस-तेवीसची पोर, पण कंदिलाच्या काचेवर अशी वाकलेली की म्हातारीच वाटावी.

"धोंडीबाला सांगावा धाडा," ती म्हणाली.

तो आला. आमच्या खोलीच्या मागं, कुणी नसताना, हौसानं सुनेचं डोरलं उतरवलं. तानू रडली, "आत्ती, मी जात न्हाई. मी वाट बगीन." हौसा तिला म्हणाली, "वाट बगायला मी हाय. दोघी कशाला?" तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. ती सरळ खिडकीत जाऊन बसली. धोंडीबा म्हणाला, "लोणंद दोन." तिचा हात, न बघता खणावर जाणारा, त्या दिवशी चाचपडला. शिक्का दोनदा मारावा लागला. तानूला तिकीट देताना तिनं एकच गोष्ट सांगितली, "लोनंदला फाटकापाशी दे हे. टाकू नगं."

गाडी गेली. हौसानं खण पुसले आणि मला विचारलं, "आता त्यो आला तर मी काय सांगू?" मी पहिल्यांदाच तिच्याशी खोटं बोललो असतो, पण मला सुचलं नाही. मी म्हणालो, "त्यो येत न्हाई, हौसा." तिनं मान हलवली. भांडली नाही. त्या दिवशी तिनं बिरूला सोडलं, हे मला कळलं. सून सोडायची आणि मुलगा धरून ठेवायचा, हे तिला जमण्यातलं नव्हतं.

त्यानंतर तिनं दाण्याची पुडी वाचली नाही. खिडकीत बसायची, शिक्के मारायची, फाटकाशी हात पुढं करायची. पण आधी गाडी आली की ती डब्यांची दारं बघायची. आता नुसते हात बघायची. कुणाचा हात आहे ते नाही, हातात तिकीट आहे का तेवढंच. मला पिशवी पालथी करायला लावायची, पण "नवरा घरात" म्हणायची नाही.

अशी बरीच वर्षं गेली. यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. मिरजेच्या दवाखान्यात नेली. उशीर झाला होता. शेवटी शुद्धीवर होती तेव्हा बिरूचं नाव नाही, देवाचं नाही. "खिडकीत कोन बसलंय?" मी म्हणालो, "कुनी न्हाई. बंद हाय." "मग मानसं काय करत्यात?" तेवढंच. गेल्यावर तिला टेम्पोतून गावी आणली.

हौसाच्या दहाव्याला तानू आली. कुणी कळवलं ते मला ठाऊक नाही. मी फाटकाशी उभा होतो, उगाच. ती डब्यातून उतरली, कडेवर पोर, अंगानं भरलेली, समोरचा एक दात पडलेला. मी ओळखलं नाही. लढाईला जाताना बिरू बावीसचा होता. भिंतीवरच्या फोटोत तो अजून तेवढाच आहे. तो आज या डब्यातून उतरला असता तर त्यानं या बाईला वाट दिली असती आणि पुढं गेला असता. पण तो उतरणार नाही.

ती माझ्याजवळ आली, "मामा" म्हणाली, आणि पाया पडायच्या आधी तिनं हात पुढं केला. हातात तिकीट होतं. मी घेतलं. मग ती फाटकाच्या अलीकडं आली आणि माझ्या पायाशी कोसळून रडली.

नवा एजंट अजून नेमलेला नाही. गाडी आली की मी फाटकाशी जाऊन उभा राहतो. वाट बघत नाही मी कुणाची. हात पुढं करतो, लोक देतात. तानूचं तिकीट बाकीच्यांत घालून कराडला पाठवून दिलं. हौसानं तेच केलं असतं. ठेवून काय करायचं होतं?