सात दुकानं आणि ताईचा वाटा

माणगावला तहसील कचेरीसमोर आमचं पहिलं स्टेशनरीचं दुकान आहे आणि दिघीला नुकतंच सातवं उघडलं. मधली पाच रोहा, पेण, म्हसळा, श्रीवर्धन आणि अलिबागला. सगळ्या पाट्या निळ्या, सगळीकडे फाइली डाव्या हाताला. आमच्या भागात कचेरीचं काम निघालं की माणूस आधी आमच्याकडे येतो, मग कचेरीची पायरी चढतो. याचा मला अभिमान आहे. पण हा अभिमान मी बरीच वर्षं चुकीच्या माणसाच्या नावावर मिरवला. तो माणूस मी.

दिघीला बंदराच्या कंपन्यांची कार्यालयं वाढली आहेत. त्यांना देण्यासाठी दुकानांची माहिती छापायची होती. मुलगी म्हणाली, ‘बाबा, इतिहासाचं पान तुम्हीच लिहा.’ मी एका बैठकीत लिहून दिलं. तिने वाचलं आणि विचारलं, ‘यात आत्या कुठे आहे?’

‘आत्याचं काय?’

‘आपण अर्ज-कागदांचे बांधलेले संच विकतो, त्यांवरच्या चिठ्ठीचं अक्षर आत्याचं आहे ना? आजही तेच छापतो आपण.’

मी चहा घेऊन बाहेर जाऊन बसलो.

बाबा मुंबईत कागदाच्या घाऊक दुकानात हमाली करायचे. रिमं उचलून उचलून त्यांना कागद कळायला लागला. कानाजवळ नेऊन पान झटकायचे आणि आवाजावरून वजन सांगायचे. मग गावाकडे परतले, माणगावला गाळा घेतला आणि टाचण्या, डिंक, कार्बन, छापील अर्ज विकू लागले. माल आणायला ते सारखे मुंबईला जायचे. काउंटरवर ताई बसायची. माझी थोरली बहीण. दहावी झाल्यावर तिची शाळा थांबली ती या स्टुलासाठी. मी कॉलेजात होतो.

एक डोंगराकडचा म्हातारा वारस नोंदीसाठी चौथ्यांदा कचेरीतून परत आला होता. दर खेपेला काहीतरी कमी. एकदा प्रतिज्ञापत्र, एकदा एक झेरॉक्स, एकदा अर्जच जुना. तो आमच्या पायरीवर बसून राहिला. ताईने त्याला पाणी दिलं आणि प्रत्येक खेपेला कारकुनाने काय मागितलं ते विचारून लग्नपत्रिकेच्या मागे लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी तिने सगळं एकत्र बांधलं. अर्ज, प्रतिज्ञापत्राचा हिरवा कागद, फाइल, नाडी, आणि वर कोणत्या नकला जोडायच्या त्याची चिठ्ठी. शेवटी एक कोरा कागद. मी विचारलं, ‘हा कशाला?’

‘साहेब आयत्या वेळी कायतरी लिहून मागतोच. तेव्हा माणूस कागद शोधत कुठे फिरेल?’

तो आमचा पहिला संच. मग फेरफाराचा झाला, उत्पन्नाच्या दाखल्याचा झाला, रेशनकार्डाचा झाला. लोक नुसतं ‘वारसाचा द्या’ म्हणायचे. सहा वर्षांत ताईने असे एकोणीस संच बसवले. कारकूनसुद्धा माणसाला परत पाठवताना सांगू लागले, समोरच्या मुलीकडून बांधून आण. बाबांनी तिच्या अक्षराचा ठसा करून चिठ्ठ्या छापून घेतल्या. मग तिचं लग्न झालं आणि ती खाडीपलीकडे आगरदांड्याजवळ सासरी गेली.

बाबा गेले तेव्हा आई आधीच गेली होती. मला अलिबागला कोर्टाजवळ दुसरं दुकान टाकायचं होतं. बँकेला गाळा एकाच्या नावावर हवा होता. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात. त्यात विचारायचं काय असतं? सही केली की माहेरचा दरवाजा उघडा राहतो, नाही केली की भाऊबीजेला कोणी बोलवत नाही. हे कोणी बोलून दाखवत नाही, आणि मीही दाखवलं नाही. हक्कसोडीचा संच तिनेच बसवलेला होता. मी तो बांधून नेला तर तिने नाडी सोडून पाहिला. ‘माझा फोटो राहिला,’ म्हणाली. पिशवीतून स्वतःचा फोटो काढला, चिकटवला आणि निबंधकापुढे सही केली. मला तेव्हा हलकं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा हलकंच वाटलं होतं.

पुढे व्यापारी संघाने माझा सत्कार केला. संचाची कल्पना कशी सुचली, असं विचारलं. मी माइकवर म्हणालो, ‘एका म्हाताऱ्याला पायरीवर बसलेलं पाहिलं आणि मला सुचलं.’ ताई तिसऱ्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या. जेवताना म्हणाली, ‘बरं बोललास.’ एवढंच.

मुलीच्या प्रश्नानंतर मी पान पुन्हा लिहिलं आणि दिघीहून फेरीबोटीने पलीकडे गेलो. ताई पडवीत वालाचं बिरडं सोलत होती.

‘मोठा शेठ बोटीतनं? गाडी विकलीस काय?’

‘तुझ्याकडेच आलोय.’

‘मग बस आणि सोल. बोलताना हात चालू दे.’

मी पान पुढे केलं. तिने हात पदराला पुसले आणि सावकाश वाचलं. मी लिहिलं होतं, ‘दुकानाला थोरल्या बहिणीची प्रेरणा लाभली.’

‘प्रेरणा म्हंजे काय रे? मी फोटोत बसले होते काय हार घालून? सहा वर्षं स्टुलावर बसले, पाठ मोडली. ते लिही.’

‘लिहितो. आणि दिघीच्या दुकानात निम्मा वाटा तुझ्या नावावर करतोय.’

तिने दोन-चार दाणे सोलले. साली वेगळ्या केल्या.

‘दिघीचं ठीक हाय. माणगावचं काय?’

खरं सांगतो, मला ते अपेक्षित नव्हतं. नवं दुकान देऊन जुनं फिटेल असं मी धरून आलो होतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो वकिलाचा, दुसरा मुलाचा. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिला माझे दोन्ही विचार दिसत होते.

‘तेव्हा का नाही म्हणालीस?’ मी विचारलं.

‘तू विचारलंस कुठे? तू कागद पुढे केलास.’

मी हातातला दाणा खाली ठेवला. ‘निम्मा गाळा तुझा,’ म्हणालो.

‘मेहेरबानी करतोस?’

‘न्हाय.’

‘मग बरोबर. आपण वारस दोन. वाटा निम्माच होतो.’ तिचा आवाज जराही चढला नव्हता. काउंटरवरून ती लोकांना असंच सांगायची, तुझा हक्क एवढा, कागद एवढे लागतील. इतरांना सांगितलेलं तिने इतक्या वर्षांनी स्वतःसाठी मागितलं, आणि ते मागताना मान खाली घातली नाही. तिच्या समोर बसून मला स्वतःची शरम वाटत होती, आणि तिचा तितकाच अभिमान वाटत होता.

मी सांगितलं की आता बक्षीसपत्र करावं लागेल, कायद्यात त्याला तेच नाव आहे. ती मोठ्याने हसली. ‘माझंच मला बक्षीस? कर बाबा. नाव कायपण असू दे, नोंद झाल्याशी कारण.’

मुलगा हे ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, ‘आत्याने कोर्टात खेचलं असतं तर?’ मी म्हटलं, ‘खेचायला हवं होतं.’ तो अजून नाराज आहे. मी त्याला समजावत बसलेलो नाही.

माहितीचं पान तिसऱ्यांदा लिहिलं, ते छापून आलं आहे. दुकान बाबांनी मांडलं, संच बांधून ताईने उभं केलं, पुढची सहा मी उघडली, असा त्यात क्रम आहे. मुलीने एक प्रत तिला पाठवली. ताईचा फोन आला. पानाबद्दल ती काही बोलली नाही. निबंधकाकडची तारीख कोणती मिळाली, एवढं विचारलं. मी सांगितली. ‘सकाळच्या पहिल्या बोटीने येते,’ म्हणाली.